चौऱ्यांशीचा फेरा

तुर्की भाषेत घराला 'एव्' म्हणतात. त्याला 'लेर' लावलं की घरं, पुढे 'इमिझ' आला की आमची घरं, शेवटी 'दे' आला की आमच्या घरांमध्ये: 'एव्लेरिमिझ्दे'. आधी वचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. हा क्रम पक्का.

आता मोजू या. वचनं 2. मालकीच्या जागा 7: माझं, तुझं, त्याचं, आमचं, तुमचं, त्यांचं आणि कुणाचंच नाही असं. विभक्ती 6. गुणाकार 84! यातली काही रूपं दिसायला सारखीच. 'एव्लेरी' एकटाच चार अर्थ पेलतो: घरांना, त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं. असे जुळे शब्द एकदाच धरले तरी 58 उरतात.

पण खरा फेरा सुरू होतो तो 'की' या प्रत्ययापासून. मराठी माणसाला तो परका वाटणार नाही, कारण 'घरात'पासून 'घरातला' आणि 'घरातल्यांचा' आपणही करतो. 'एव्दे' म्हणजे घरात, 'एव्देकी' घरातला, 'एव्देकिलेर' घरातले, 'एव्देकिलेरिन' घरातल्यांचा. त्यालाही पुन्हा 'की' लागतो: 'एव्देकिलेरिन्की', घरातल्यांचं जे काही असेल ते. मग त्याला पुन्हा वचन, पुन्हा विभक्ती, पुन्हा 'की'.

'की' फक्त षष्ठी आणि सप्तमीला लागतो, म्हणजे 84 पैकी 28 रूपांना. प्रत्येकातून नवी 12 रूपं निघतात, एकूण 336. पुढची प्रत्येक फेरी चौपट: 1,344, मग 5,376. दहाव्या फेरीत 8 कोटी 80 लाखांच्या वर! इतकं लांब कोणी बोलत नाही, पण व्याकरण कुठेही अडवत नाही. आणि हे सगळं मूठभर प्रत्ययांतून, हे मला त्या आकड्याहून थोर वाटतं.

क्रियापदांचा पसारा तर याहून मोठा. शिकलेल्या तुर्की माणसाच्या शब्दसंग्रहातून बनू शकणाऱ्या शब्दरूपांचा भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज हँकामर यांनी 1989 मध्ये मांडलेला अंदाज 200 अब्जांच्या पुढचा आहे. म्हणून संगणकाला तुर्की शुद्धलेखन तपासायला लावायचं तर नुसती शब्दांची यादी पुरत नाही. मूळ शब्द द्यायचे आणि नियम शिकवायचे.

मुलंही तेच करतात. आयहान अक्सू-कोच आणि डॅन स्लोबिन यांनी 1985 मध्ये नोंदवलं आहे की तुर्की मुलं दोन वर्षांची होईपर्यंत नामांचे प्रत्यय बहुतेक बिनचूक लावू लागतात. प्रत्येक प्रत्ययाचं काम ठरलेलं, उच्चार स्पष्ट, आणि 'लेर'चा 'लार' कधी होणार हे आधीचा स्वरच सांगतो. नियम मोडणारी नामं थोडीच. त्यातलं एक 'सु', म्हणजे पाणी: त्याची षष्ठी नियमाने 'सुनुन' व्हायला हवी, होते 'सुयुन'.