खो-खोंतील आक्रमणाची रचना

यंदां आमच्या क्रीडांगणाच्या कडेला उभे राहून सामना पाहणाऱ्या एका पालकांनीं आम्हांस विचारलें, “गुरुजी, आमचा मुलगा साऱ्या डावांत फार तर पांच-सहा वेळां धांवला. उरलेला वेळ नुसता बसून होता. मग तो खेळला तरी काय?” प्रश्न साधा होता, परंतु तो ऐकतांच शेजारीं उभ्या असलेल्या त्या मुलाची मान खालीं गेली. घाईंत आम्हीं जें उत्तर दिलें त्यानें आमचेंच समाधान झालें नाहीं. म्हणून खो-खोंत आक्रमण कसें रचलें जातें व त्यांत बसलेल्या गड्याचें काम कोणतें, हें येथें सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खो-खो हा आपल्या महाराष्ट्राचा जुना खेळ. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्यास नियमांची चौकट घालून देण्याचें कार्य हातीं घेतलें, तेव्हांपासून त्याचें आजचें रूप घडत आलें. मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असतें. दोन्ही टोकांस एकेक खांब, खांबापासून खांबापर्यंत मधली पाटी, आणि तीवर आठ चौकोन. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी या चौकोनांत असे बसतात कीं, एकाचें तोंड एका बाजूस, तर त्याच्या शेजाऱ्याचें दुसऱ्या बाजूस. नववा गडी धांवतो. पळणाऱ्या संघाचे गडी तिघातिघांच्या तुकडीनें मैदानांत येतात. रूढ नियमांप्रमाणें मोठ्यांच्या सामन्यांत पाठलागाचा एक डाव ९ मिनिटांचा असतो.

आतां या खेळांतील खरी अडचण पाहा. पळणारा गडी बसलेल्या दोघांच्या मधून हवा तेव्हां पलीकडे जातो, वाटेल तेव्हां मागें फिरतो. पाठलाग करणाऱ्यास यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्यानें मधली पाटी ओलांडावयाची नाहीं, आणि एकदां धरलेली दिशा खांबापर्यंत पोंचल्याशिवाय बदलावयाची नाहीं. आमच्या औंढा नागनाथास नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठीं देऊळच फिरलें व म्हणून नंदी देवळाच्या पाठीमागें राहिला, अशी कथा घरोघर सांगतात. भक्तासाठीं देऊळ फिरलें, परंतु पाठलाग करणाऱ्यास स्वतःच्या पायांवर मागें फिरण्याचीही मोकळीक नाहीं! अर्थात् एकटा गडी कितीही चपळ असला, तरी पलीकडे निसटलेल्या गड्यापुढें तो हतबल होतो. त्याच्या हातीं एकच शस्त्र राहतें, तें म्हणजे खो.

खो नेहमीं पाठीमागून द्यावयाचा असतो. त्यामुळें आठ गडी बसलेले असले, तरी एका बाजूनें धांवणाऱ्यास त्यांपैकीं चौघांनाच, म्हणजे ज्यांची पाठ त्याच्याकडे आहे त्यांनाच, खो देतां येतो. शिवाय एखाद्या गड्याची आडवी पाटी ओलांडून पुढें गेल्यावर त्यास खो देणें नियमबाह्य ठरतें. म्हणजे खो कोणास द्यावा व केव्हां द्यावा, याचा हिशेब धांवतांधांवतांच करावा लागतो. आक्रमणाच्या साऱ्या योजना या हिशेबांतून निघतात. त्यांपैकीं मुख्य तीन आम्ही सांगतों.

पहिली योजना दाबाची. पळणारा पलीकडे जातांच विलंब न लावतां जवळच्या योग्य गड्यास खो द्यावयाचा. नवा गडी ताज्या दमानें उठतो, पळणारा पुन्हां निसटला तर तोही लागलीच खो देतो. पळणारा एकच, परंतु त्याच्या मागें लागणारा मात्र दर वेळीं नवा. अशा रीतीनें त्याचा दम खर्ची पडतो.

दुसरी योजना हुलकावणीची. कसलेला गडी बसलेल्या प्रत्येकाच्या शेजारून एकदां अलीकडे, एकदां पलीकडे असा नागमोडी पळतो. यास साखळी म्हणतात. प्रत्येक ठिकाणीं खो मिळेलच, या भरंवशावर त्याची लय चाललेली असते. अशा वेळीं पाठलाग करणारा खो देण्याचा आविर्भाव करतो, पण देत नाहीं, आणि आपल्याच बाजूनें सरळ पुढें सरतो. पळणारा संवयीनें पुढल्या फटींतून अलीकडे येतो, तों समोर हाच! येथें बसलेल्या गड्याचीही परीक्षा असते. खो हा शब्द कानीं पडण्यापूर्वीं तो फसून उठला, तर सारी योजना फुकट जाते.

तिसरी योजना खांबाची. एकाच दिशेनें खो देत देत पळणाऱ्यास मैदानाच्या टोकाकडे रेटावयाचें. तेथें त्याची जागा आंखूड होते, आणि पाठलाग करणाऱ्यास मात्र खांबाला वळसा घालून बाजू बदलण्याची मुभा मिळते. एका हातानें खांब धरून, शरीर झोंकून, दुसऱ्या हातानें पलीकडचा गडी टिपणें हा या खेळांतील अत्यंत प्रेक्षणीय क्षण होय. म्हणून जाणते मार्गदर्शक खांबालगतच्या चौकोनांत उंच व सूर मारण्यांत तरबेज असे गडी बसवितात.

अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या फुटबॉलमध्यें प्रत्येक चढाईपूर्वीं अकरा गडी बहुधा घोळका करून योजना ठरवितात, व चढाई संपतांच खेळ थांबतो. खो-खोंत असा विसावा नाहीं. योजना खेळ चालू असतांनाच बदलते, आणि ती बदलण्यास शांत चित्त फक्त बसलेल्या गड्यांपाशींच असतें. उठल्यावर जी दिशा घेतली ती पक्की. म्हणून उजवीकडे कीं डावीकडे, हा निर्णय उठण्यापूर्वींच झालेला असावा लागतो. पळणारा कोठें आहे, त्याचा दम किती उरला आहे, उरलेले दोघे कोठें उभे आहेत, हें सर्व त्यानें बसल्या जागीं टिपून ठेवलेलें असतें. तो बसलेला दिसतो. वस्तुतः तो खेळतच असतो.

नियमकर्त्यांनींही हेंच तत्त्व मानलें आहे. तुकडींतला तिसरा गडी ज्यानें बाद केला, त्यास नव्या तुकडीवर धांवून जातां येत नाहीं. त्यानें लागलीच खो देऊन खालीं बसलें पाहिजे. विजयाच्या भरांत असलेल्या गड्यासही आपली पाळी दुसऱ्यास द्यावी लागते.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तींत आपल्या महिला संघानें अंतिम सामन्यांत नेपाळवर ७८-४० असा, व पुरुष संघानेंही नेपाळवरच ५४-३६ असा विजय मिळविला. कर्णधार प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हीं दोघेंही महाराष्ट्राचीं. एवढे गुण कोणा एकट्याच्या धांवण्यानें मिळत नसतात, हें वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. सामन्यानंतर आम्हीं तो डाव मनाशीं पुन्हां मांडून पाहिला. त्यांच्या मुलानें दोनदां पळणाऱ्यास खांबाकडे रेटलें, आणि दोन्ही वेळां स्वतः हात टाकण्याचा मोह आवरून शेवटच्या चौकोनांतील गड्यास खो दिला. ते दोन्ही गडी त्या शेजाऱ्यानें टिपले. गुणपत्रकांत क्रमांकही त्याचाच लागला. टाळ्या वाजल्या तेव्हां हा मुलगा शेजाऱ्यानें सोडलेल्या चौकोनांत बसला होता.

पालकहो, तुमचा मुलगा खेळला. पुढल्या सामन्यास याल तेव्हां पळणाऱ्याच्या मागें नजर न धांवडवितां बसलेल्या आठांकडे थोडा वेळ पाहा. तो कोणता खेळ खेळतो, हें तुम्हांस तेथें दिसेल.