पाटीवरची दुसरी ओळ

धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर संगमरवरी पाट्या असायच्या. वर नाव, खाली 'बी. ई. (सिव्हिल), एम. आय. ई.', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'निवृत्त अधीक्षक अभियंता'. आता बंगल्यांच्या जागी फ्लॅट स्कीम झाल्या आणि पाट्याही गेल्या. नाव सोडून उरलेल्या त्या ओळीच मला नेहमी जास्त वाचनीय वाटत आल्या आहेत.

पदवीसाठी आधी गाव सोडावं लागे. तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज 1947 पासून जबलपूरला. इथलं 1942 चं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट केमिकलवाल्यांचं. जुलै 1956 मध्ये नागपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि चारच महिन्यांत राज्यांची पुनर्रचना होऊन जबलपूर परराज्यात गेलं. जून 1960 मध्ये हे कॉलेज नव्या रिजनल कॉलेजात सामावलं. विश्वेश्वरय्या एप्रिल 1962 मध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये कॉलेजला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. 2002 पासून कागदोपत्री ते व्हीएनआयटी आहे, तरी साठी ओलांडलेल्या कुणाला विचारा, तो व्हीआरसीईच म्हणेल. त्या पहिल्या पिढ्यांना पदवी पुरली. पीडब्ल्यूडी, पाटबंधारे, वीज मंडळ, पुढे कोराडी आणि वेस्टर्न कोलफील्ड्स. एकदा चिकटलं की बढती ज्येष्ठतेनं यायची.

खरी झुंज होती ती पाटीवर 'ए. एम. आय. ई.' लिहिणाऱ्यांची. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 साली स्थापन झालेली संस्था, 1935 साली तिला राजसनद मिळाली. तिची परीक्षा पास झालं की सरकारी नोकरीत ती पदवीच्या बरोबरीची धरली जाई. घरच्या परिस्थितीमुळे डिप्लोमा करून ओव्हरसिअर म्हणून लागलेल्या माणसाला वर चढायची हीच एक शिडी. दिवसभर कालव्याच्या मोजमाप-वह्या भरायच्या आणि रात्री पोरं झोपली की स्लाइड रूल घेऊन स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची गणितं सोडवायची. आधी सेक्शन ए, मग सेक्शन बी. परीक्षा वर्षातून दोनदा. एखादा विषय राहिला की पुढचे सहा महिने त्याच पुस्तकात डोकं. त्यात बदली आली की पुस्तकांची ट्रंक नव्या क्वार्टरवर. कॉलेजातून आलेले बी.ई.वाले यांना जरा कमीच लेखत. कच्च्या मुरुमात पाया कुठवर न्यायचा हे विचारायला मात्र त्यांच्याकडेच येत.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली. नागपुरात 1984 मध्ये यशवंतराव चव्हाण आणि रामदेवबाबा ही कॉलेजं निघाली, 1985 मध्ये रामटेकला कविकुलगुरू. जागा भराभर वाढल्या. नोकऱ्यांना तो वेग साधला नाही. मग नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न सुरू झाला, 'डिग्री तं झाली, आता काय करून राहिला?' उत्तरं दर दशकाला बदलत गेली: जीआरई, सीडॅकचा डिप्लोमा, एमबीए, मग गेट. सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर भरती करू लागल्या आणि धरमपेठ-शंकरनगरात क्लासचे फलक लागले.

आणि 31 मे 2013 नंतर एएमआयईला नाव नोंदवणाऱ्यांसाठी सरकारनं पदवीची ती बरोबरी काढून घेतली. आधी नोंदवलेल्यांची ग्राह्य राहिली. परीक्षा पुढेही होत राहिली, पण शिडीची वरची पायरीच गेली. पुढच्याच वर्षी, जून 2014 मध्ये, भारत वॉशिंग्टन करारात कायम सदस्य म्हणून दाखल झाला. मानांकन मिळालेल्या ठरावीक अभ्यासक्रमांच्या पदवीला परदेशात मान मिळाला, आणि ते चांगलंच झालं. पण साईटवर राबून रात्री अभ्यास करणाऱ्याचा विचार त्या दोन वर्षांत कुणी केलेला दिसत नाही.

सीएंना 1949 चा कायदा आहे, वकिलांना 1961 चा, आर्किटेक्टना 1972 चा. इंजिनिअरला असा स्वतःचा कायदाच नाही. त्यामुळे त्याच्या सहीला वजन येतं ते वेगवेगळ्या खिडक्यांतून: कुठे महापालिकेचा परवाना, कुठे चार्टर्ड इंजिनिअरचा शिक्का, 2017 पासून महारेराच्या फॉर्म 2 वर प्रकल्पाच्या इंजिनिअरचा दाखला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांककांचे नियम आले आणि ज्यांची हयात मालमत्तांची किंमत ठरवण्यात गेली होती, त्यांनाही कंपन्यांची कामं करायची तर पन्नास तासांचं प्रशिक्षण घेऊन संगणकावर परीक्षा द्यावी लागली. मुदत वाढत वाढत 31 जानेवारी 2019 पर्यंत गेली. नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी बसून माऊस चालवायला काहींनी साफ नकार दिला. काहींनी मात्र पुन्हा नोट्स काढल्या, सराव परीक्षा दिल्या आणि पास झाले. या नोंदणीला पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो, एम.टेक. असेल तर तीन. म्हणून आता नव्या पदवीधरांतली काही मुलं अशाच एखाद्या जुन्या मूल्यांककाच्या ऑफिसात कमी पगारावर टेप धरून प्लॉट मोजत असतात.