मास्क नीट, तर झोप नीट
झोपेत घसा आवळून श्वास अडतो, म्हणून डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सीपॅप यंत्र दिलं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेला हा उपचार मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतो. मास्कच्या कडेने हवा निसटली की दाब घटतो, डोळे चुरचुरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामाने सिलिकॉनची कड गालावरून सरकते. म्हणून रोज सकाळी मी ती सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवते. रात्री हे चेहरा धुतात, आडवे होऊन यंत्र सुरू करतात, मगच पट्टे बसवतात. मास्क किंचित उचलून टेकवला की कड फुलून चपखल बसते. पट्टे करकचून आवळू नका, गळती वाढते. तोंड उघडं राहत असेल, तर डॉक्टरांना दुसरा मास्क विचारा. यंत्र मात्र आपल्या मनाने बंद करू नका.