पोटात बाळ आणि शेजारी गाठ



पौर्णिमेची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आमचा छोटा दवाखाना भरतो. बीपीचे मशीन, वजनकाटा आणि गप्पा, एवढेच त्याचे सामान. निफाडच्या एका वस्तीतली सून एकदा सगळ्या गेल्यावर मागे थांबली आणि कॅरीबॅगमधून सोनोग्राफीचा कागद काढून म्हणाली, "ताई, हे वाचून सांगा ना. बाळ बरं आहे म्हणाले, पण बाजूला गाठ आहे म्हणे."

तिला तेरावा आठवडा होता. सासूबाईंचे म्हणणे, आधी बाळंतपण होऊ द्या, मग गाठीचे बघू. नवऱ्याला कामावर कोणीतरी सांगितले होते की ही कॅन्सरचीच गाठ असते, लगेच पिशवी साफ करून घ्या. तिला स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारलेच नव्हते. ती दोन रात्री झोपली नव्हती. (तिला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही.)

कागदावर होते: डाव्या ओव्हरीत आठ सेंटिमीटरची गाठ, आत थोडा घट्ट भाग. ओव्हरी म्हणजे बीजांडकोश. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन असतात आणि बाईचे बीज तिथूनच सुटते.

गरोदरपणात ओव्हरीवर गाठ दिसणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बीज सुटले की त्या जागी पाण्याचा फुगा तयार होतो. सुरुवातीचे आठ-दहा आठवडे हाच फुगा गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हार्मोन तयार करतो. पुढे वार ते काम उचलते आणि फुगा आपोआप जिरतो. चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेक गाठी अशाच नाहीशा होतात. ज्या उरतात, त्यांतही शंभरात एक ते पाच-सहाच कॅन्सरच्या निघतात. त्यामुळे गाठ दिसली की पिशवी साफ करा, असे सांगणारा माणूस कितीही मोठा असला तरी त्याचे ऐकू नका.

पण सासूबाईंचे म्हणणेही मला पटत नव्हते. नुसता पाण्याचा फुगा असेल तर थांबता येते. गाठ पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, चौदा-सोळा आठवड्यांनंतरही तशीच असेल किंवा वाढत असेल, आत घट्ट भाग किंवा जाड पडदे असतील, पोटात पाणी साठले असेल, तर बाळंतपणापर्यंत वाट बघायची नसते. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटी दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या वाचून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. "सगळं ठीक ना?" एवढे विचारून आपण बाहेर येतो, ही आपली जुनी खोड आहे.

हा आजार गरोदरपणात चांगलाच लपतो. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, सारखी लघवी लागणे, बद्धकोष्ठ, कंबरदुखी ही त्याची लक्षणे, आणि प्रत्येक गरोदर बाईला हेच होत असते. म्हणून लक्षणांवर विसंबून चालत नाही, सोनोग्राफीच लागते. एक लक्षण मात्र वेगळे आहे. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि रात्रीच निघा.

आपल्याकडे पहिली सोनोग्राफी उशिरा का होते, तेही सांगते. ऑक्टोबर छाटणीपासून खुडा संपेपर्यंत द्राक्षबागेतला रोज बुडवणे बाईला परवडत नाही. दिवस गेल्याचे मुकादमाला कळले तर टोळीतून नाव कमी होईल, ही भीती वेगळीच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला होता. बाईला ही विश्रांती मिळण्यात सगळ्या देशाचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बागेतल्या रोजंदारीच्या बाईपर्यंत ती रजा अजून पोहोचलेली नाही. तरी बाराव्या आठवड्याच्या आत आशाताईकडे नाव नोंदवाच. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची सोनोग्राफी, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही चुकवू नका.

गाठ संशयाची वाटली तर पुढे काय होते? एमआरआय करतात, पण शिरेतून रंगाचे औषध न देता. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी पुष्कळ ठिकाणी लिहून देतात, पण ती गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, एरवीही वाढलेली येते. त्या एका आकड्यावरून कोणी घाबरवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. आणि अशा गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. गाठ कॅन्सरची असेल तर ती पोटात फुटून पसरू शकते.

ऑपरेशनसाठी सर्वांत बरा काळ सोळा ते वीस आठवड्यांचा. तोपर्यंत वारेने काम हाती घेतलेले असते आणि पिशवी अजून फार मोठी झालेली नसते. आजार एकाच ओव्हरीपुरता असेल तर तेवढी ओव्हरी आणि तिची नळी काढतात. दुसरी ओव्हरी, पिशवी आणि बाळ जागच्या जागी राहते. तरुण बायकांत सापडणारे काही प्रकार बहुधा एकाच बाजूला असतात आणि औषधाला फार चांगले वळतात. काहींना ऑपरेशननंतर औषधच लागत नाही.

केमो लागली तर? इथे घरोघरी भीती असते की बाळ अपंग होईल. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमो देत नाहीत. त्यानंतर कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे देता येतात. बाळंतपणाच्या आधी तीनेक आठवडे ती थांबवतात, म्हणजे आईच्या आणि बाळाच्या रक्तातल्या पेशी पुन्हा भरून येतात. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या डॉक्टर फ्रेडरिक अमांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात असताना आईला कॅन्सर झालेल्या १२९ मुलांची तपासणी करून २०१५ साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या बहुतेकांच्या आईला केमो दिलेली होती. त्यांचे हृदय आणि बुद्धीची वाढ इतर मुलांसारखीच होती. बुद्धीच्या वाढीत जो फरक दिसला, तो बाळ लवकर जन्मल्यामुळे होता. म्हणूनच जमेल तितके सदतीस आठवडे पुरे करू देतात. केमो चालू असताना अंगावर पाजायचे नाही, एवढे मात्र कडक आहे.

प्रत्येक वेळी असे सोपे जात नाही. आजार पोटभर पसरलेला असेल आणि महिने थोडेच झाले असतील, तर गर्भ ठेवायचा की नाही हा प्रश्न येतो. अशा वेळी घरात सगळे बोलतात आणि बाई गप्प बसते. कायदा काय आहे तो माहीत हवा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची अट नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासूची तर नाहीच. "कोणाला तरी घेऊन या, सही लागेल" हे मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकले आहे. सुरुवातीला मीही तेच म्हणत असे, हे कबूल करते.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि केमो आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. माहितीसाठी १५५३८८ हा मोफत नंबर आहे. निफाडहून आधी नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा संदर्भ सेवा रुग्णालय. तिथून पाठवले तर परळचे टाटा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातच भरून मिळतो. मुंबईत राहायचे कुठे, ही चिंता असते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच चालते. १९४९ साली पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकणारे तेच गाडगेबाबा.

आता आपल्या त्या सुनेचे. मी सासूबाईंशी दोनदा बोलले. पहिल्यांदा त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "माझ्या आईला असंच पोट फुगून गेलं होतं, मला ते पुन्हा बघायचं नाही." तेव्हा समजले की बाई आडमुठी नव्हती, घाबरलेली होती. ही गोष्ट डॉक्टरांनाही सांगितली, कारण आई, आजी, मावशी यांना ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर त्यांना ते माहीत असायलाच हवे.

सोळाव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ तेवढीच होती, घट्ट भाग तसाच. सतराव्यात ऑपरेशन झाले. रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत वस्तीतल्या बायकांनी पाळी लावून तिच्या घरी डबा पोहोचवला. गाठ कॅन्सरच्या उंबरठ्यावरची निघाली, केमो लागली नाही. दिवस भरल्यावर ती साधी बाळंत झाली. मुलगी आहे.

आता तपासणीसाठी तिला ठरल्या तारखेला नाशिकला जावे लागते. पुढची तारीख ऐन खुड्यात येते आहे. या वेळी मुकादमाला सुट्टीचे सांगायला सासूबाई स्वतः गेल्या होत्या.