राइट्स इश्यूचा शेअर स्वस्त मिळतोय, पण घ्यावा का?

'तुमच्या डीमॅट खात्यात राइट्स एन्टायटलमेंट जमा झाले आहेत' असा मेसेज आला की काहीजण तो न वाचताच पुढे जातात. काहीजण 'बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतंय' म्हणून डोळे झाकून अर्ज करतात. दोन्हींत नुकसान होऊ शकतं.

राइट्स इश्यू म्हणजे काय?

कंपनीला पैसे हवे असतात, तेव्हा ती नवे शेअर्स आधी आपल्याच भागधारकांना देऊ करते. ज्याच्याकडे जितके शेअर्स, त्या प्रमाणात त्याचा हक्क. भाव बहुतेकदा बाजारापेक्षा कमी असतो. या हक्कालाच राइट्स एन्टायटलमेंट, म्हणजे 'आरई' म्हणतात.

मग ही सूट म्हणजे फायदाच ना?

एक हिशोब करू. तुमच्याकडे १०० रुपये भावाचे १०० शेअर्स आहेत, म्हणजे १०,००० रुपये. कंपनी दर ४ शेअर्समागे १ नवा शेअर ६० रुपयांना देते. तुम्ही २५ शेअर्ससाठी १,५०० रुपये भरता. आता ११,५०० रुपयांचे १२५ शेअर्स झाले, म्हणजे एका शेअरची किंमत ९२ रुपये. वरकमाई काहीच नाही. तुमचेच पैसे नव्याने वाटले गेले.

काहीच केलं नाही तर?

शेअर्स १००च राहतात, पण भाव ९२ वर येतो. ८०० रुपये गेले! अर्ज करायचा नसेल, तर आरई शेअर बाजारात विकता येतात. या उदाहरणात एका आरईची किंमत साधारण ३२ रुपये होते, २५ आरईंचे ८०० रुपये. मात्र आरईची खरेदी-विक्री इश्यू संपण्याच्या काही दिवस आधीच थांबते. मुदत संपली की न वापरलेले आरई रद्द होतात.

अर्ज करायचा की आरई विकायचे?

हे सवलतीवर नाही, तर कंपनी या पैशांचं काय करणार यावर ठरवा.

रिलायन्सने २०२० मध्ये ५३,१२४ कोटींचा राइट्स इश्यू आणला. १५ शेअर्समागे १ शेअर, भाव १,२५७ रुपये. कर्ज कमी करणं हा त्यामागचा मुख्य हेतू होता. अर्जासोबत फक्त २५ टक्के रक्कम भरायची होती, उरलेली २०२१ मध्ये दोन हप्त्यांत. असे हप्ते वेळेवर भरले नाहीत, तर शेअर्स जप्त होऊ शकतात. त्यामुळे पुढच्या पैशांची सोय आधीच हवी.

दुसरं उदाहरण व्होडाफोन आयडियाचं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने १२.५० रुपये भावाने २५,००० कोटींचा इश्यू आणला. त्यातले १८,२५० कोटींपर्यंत गुंतवण्याची तयारी खुद्द प्रवर्तकांनी दाखवली होती. मग सामान्य गुंतवणूकदाराने घाबरायचं कशाला? पण ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने एजीआर थकबाकीवर दूरसंचार कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला. त्याचा बोजा धरून कंपनीने जुलै-सप्टेंबर तिमाहीत सुमारे ५१,००० कोटींचा तोटा दाखवला. पाच वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा शेअर्स विकायला काढले, तेव्हाचा भाव होता ११ रुपये.

एजीआरचा वाद २०१९ मध्ये अचानक उपटलेला नव्हता. तो कित्येक वर्षं कोर्टात होता. प्रवर्तक पैसे घालतायत हे चांगलं लक्षण, पण ती हमी नव्हे.

अर्जाआधी काय पाहाल?

कंपनीचं 'लेटर ऑफ ऑफर' उघडा आणि चार गोष्टी शोधा:

• पैसे कशासाठी हवेत? नवा प्रकल्प, कर्जफेड की रोजचा खर्च?
• प्रवर्तक आपला पूर्ण वाटा घेतायत का?
• कोर्टात कोणती मोठी प्रकरणं आहेत?
• आधी उभारलेल्या पैशांचं काय झालं?

शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही सूट नसती, तरी मी या कंपनीत आज आणखी पैसे घातले असते का? उत्तर 'हो' असेल तर अर्ज करा. 'नाही' असेल तर मुदतीआधी आरई विका. फक्त तो मेसेज न वाचता सोडू नका.