तंबू कुणाच्या मर्जीने हलतो?

शनिवारची रात्र. मित्राच्या फ्लॅटमध्ये टेबलाभोवती पाच जण, मधोमध वीस बाजूंचा फासा आणि पिझ्झाचा रिकामा खोका. गेम मास्टर आवाज खोल करून सांगतो, 'क्षितिजावर धूळ उठलीय. भटक्यांची टोळी येतेय!' पुढचा प्रश्न ठरलेलाच, 'तलवार काढू?'

बस्स, इथेच घोळ होतो! 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. तेव्हापासून रोलप्लेइंग गेम्समध्ये भटके म्हटलं की बहुतेक वेळा दोनच साचे: घोड्यावरून येणारी झुंड, नाहीतर पत्ते मांडून भविष्य सांगणारी गूढ बाई. याच गेमच्या 'रेव्हनलॉफ्ट' या भुताखेतांच्या जगातले विस्तानी लोक दुसऱ्या साच्यातले. युरोपातल्या रोमा लोकांबद्दलचे जुने गैरसमज त्यांच्यात उतरलेत, हे कंपनीने २०२० साली मान्य केलं आणि मजकूर बदलला.

'खेळच तर आहे, त्यात काय एवढं?' असं वाटेल. पण 'भटका म्हणजे चोर' ही कल्पना आपल्याकडे १८७१ साली चक्क कायदा झाली. इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली त्या विमुक्त झाल्या, पण लोकांच्या नजरेतला संशय अजून पुरता गेलेला नाही.

मग भटके दाखवायचे तरी कसे? १९७८ सालच्या 'रूनक्वेस्ट'कडे बघा. त्यातल्या प्रॅक्सच्या माळरानावरच्या जमाती कुठला प्राणी पाळतात यावर ओळखल्या जातात. कुणी गवे, कुणी उंच लामा, कुणी हरणं. पुराणकथा तर भन्नाट! कुणी कुणाला खायचं, याचा फैसला माणसं आणि जनावरांत एकदाच झाला. माणसं जिंकली. फक्त एका जमातीत जनावर जिंकलं, म्हणून मोरोकांथ लोक माणसांचे कळप पाळतात! अंगावर काटा येतो, पण नियम आहे, नातं आहे. म्हणजे समाज आहे.

खरे भटकेही असेच नियमांनी बांधलेले असतात. चंगीझखानाने १२०६ नंतर दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्या बांधल्या आणि त्यांत वेगवेगळ्या टोळ्यांची माणसं मिसळली. कशासाठी? निष्ठा टोळीशी नको, आपल्याशी हवी म्हणून. 'झुंड' कसली, हे तर चोख मॅनेजमेंट!

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? दिवाळीनंतर हायवेच्या कडेने मेंढ्या घेऊन निघालेला धनगरांचा वाडा तुम्ही पाहिला असेलच. वाडा म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबं. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे. गावाला भटके हवे असतात आणि भटक्यांना गाव!

तेव्हा पुढचा डाव मांडताना गेम मास्टरने चारच प्रश्न स्वतःला विचारावेत. मुक्काम कधी हलवायचा, हे कोण ठरवतं? जनावर कुणाच्या मालकीचं? सोयरीक कुठे जुळते? गावाशी देणंघेणं काय? उत्तरं सापडली की गोष्ट आपोआप रंगते.

या शनिवारी पुन्हा धूळ उठू दे. पहिला स्वार जवळ येऊन एवढंच विचारू दे, 'तुमच्या शेतात आजची रात्र बसू का?' आता टाका फासा!