जाड, उंच, कोनदार 'टेको' फॉन्ट: कुठे वापरायचा आणि कुठे नाही?

आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर मी फोनवरच बनवलं होतं. सगळा मजकूर एकाच जाड, दाटीवाटीच्या अक्षरांत. दिसायला एकदम भारी! पण व्हॉट्सॲपवर वेळ आणि पत्ता कुणालाच नीट वाचता येईना. काही जण तर शिबिर आटोपल्यावर पोहोचले. चूक फॉन्टची नव्हती, माझी होती.

तो फॉन्ट म्हणजे टेको. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेला. यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं आहेत, आणि लाइटपासून बोल्डपर्यंत पाच जाडी मिळतात.

याची रचना कशी आहे?

अक्षरं अरुंद आहेत आणि गोलाई जवळजवळ चौकोनी केलेली आहे. त्यामुळे 'महानगरपालिका'सारखा लांबलचक शब्दही फोनच्या स्क्रीनवर मोठ्या आकारात एका ओळीत बसतो. म्हणूनच मथळे, पोस्टर, व्हिडिओचे थंबनेल आणि क्रिकेटचा स्कोअर यासाठी तो छान शोभतो.

मग अडचण कुठे येते?

अक्षर ओळखायला त्याच्या आतली पांढरी जागा लागते. रेघ जाड आणि अक्षर अरुंद झालं, की ती जागा आक्रसते. आता 'भ' आणि 'म' बघा. 'भ'च्या शिरोरेघेत छोटी फट असते, 'म'च्या नसते. 'ध' आणि 'घ'चंही तसंच. आकार लहान केला की ही फट दिसेनाशी होते आणि 'भरती'ची 'मरती' व्हायला वेळ लागत नाही! जोडाक्षरांचे तर ठिपकेच होतात.

हे लक्षात ठेवा

१. बोल्ड फक्त एक-दोन शब्दांसाठी वापरा. मथळा लांब असेल तर मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या.

२. तारीख, वेळ, पत्ता आणि फोन नंबर साध्या, मोकळ्या फॉन्टमध्ये लिहा. उदाहरणार्थ, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी.

३. साधा फॉन्ट बोटाने दाबून अरुंद करू नका. तसं केलं की उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या जाडच राहतात. टेकोत प्रत्येक रेघ अरुंद अक्षरासाठीच आखलेली असते.

४. ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो.

कुठे मिळेल?

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. झिप फाइल उघडा आणि आतली टीटीएफ फाइल तुमच्या डिझाइन ॲपमध्ये टाका (ॲपमध्ये बाहेरचा फॉन्ट घेण्याची सोय हवी). ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे पैसे घेऊन केलेल्या कामातही बिनधास्त वापरता येतो. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही.

आता मी पोस्टर पाठवण्याआधी एक गोष्ट हमखास करतो. ते स्वतःलाच पाठवतो आणि चॅटमध्ये न उघडता वाचून बघतो. तारीख वाचता आली, तरच पुढे ग्रुपवर. तुम्हीही करून बघा!